गॅस संपला नव्हता

मे महिन्यातली दुपार होती. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला पहाटे गाडी खाली करून आम्ही परतीला लागलो होतो, मी आणि नाना, म्हणजे माझे वडील. शहापूर मागे पडेपर्यंत ठीक होतं. कसाऱ्याला घाट चढायला लागलो आणि एसीची हवा आधी कोमट झाली, मग सरळ गरम. मी ब्लोअर चारवर नेला. आवाज तेवढा वाढला, हवा तशीच. दोन-तीन वळणं गेली असतील, नाना म्हणाले, "गाडी घे बाजूला. डोळ्यांपुढं अंधारी येतेय."

गाडी बाजूला घेतली. उपरणं पाण्यात भिजवून त्यांच्या डोक्यावर, मानेवर ठेवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. वीस-पंचवीस मिनिटांत ते सावरले. पण ती वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. मार्केटला स्वतः येऊन भाव डोळ्यांनी बघायचा, ही त्यांची सवय मला मोडायची नव्हती. मग गाडीच नीट करायची, असं तिथंच ठरवलं.

गाडी म्हणजे आमची डिझेल पिकअप. सिंगल केबिन, टर्बो इंजिन, कंपनीतूनच एसी बसवून आलेली. आम्ही निफाड तालुक्यातले. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की राज्यभर आमच्या गावाची बातमी होते, पण उन्हाळ्यात इथंही पारा चाळीस अंश गाठतो. तो काळ नेमका उन्हाळ कांद्याचा. आठवड्यातून दोन-तीनदा लासलगावला लिलावात रांग, आणि भाव बरा वाटला तर वाशीची खेप. रांगेत तीन-तीन तास गाडी उभी असते. इंजिन चालू ठेवून एसीत बसावं, तर उभ्या गाडीत तो चालतच नव्हता.

हा आजार नवा नव्हता. आधीच्या वर्षभरात दोन वेगवेगळ्या गॅरेजांत गाडी दाखवून झाली होती. दोन्हीकडे तेच उत्तर मिळालं, गॅस कमी झालाय. एकाने गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं घड्याळ, लावल्यासारखं केलं, दुसऱ्याने तेही नाही. डब्यातून गॅस मारला, पैसे घेतले, आणि एसीच्या जाळीपाशी हात धरून म्हणाला, "बघा, कसा गार!" दोन्ही वेळा मी गाडी संध्याकाळी नेली होती. संध्याकाळच्या हवेत कुठलाही एसी बरा वाटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी लासलगावच्या रांगेत पुन्हा घाम. आणि दुसऱ्यांदा गॅस भरल्यावर तर उभ्या गाडीत आधीपेक्षा जास्त उकडायला लागलं. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

गॅस हे काही डिझेल नाही, जळून संपायला. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो; पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो; एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की दाब एकदम पडतो आणि तो गारठतो; डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता शोषून त्याची वाफ होते, आणि फेरा पुन्हा सुरू. थोडा गॅस रबरी होजमधून, ओ-रिंगमधून वर्षानुवर्षं झिरपतो हे खरं. पण वर्षात दोनदा कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय वरून गॅस मारण्यात अर्थ नाही. गळती नसेल, तर मुळात गॅस कमी झालेलाच नाही. या दोन्हींतलं काहीही न बघता माझ्या गाडीत दोनदा गॅस गेला होता.

घाटाच्या त्या प्रसंगानंतर पहिली गोष्ट केली ती थर्मामीटर मिळवण्याची. आमच्याकडे द्राक्षाची शीतगृहं भरपूर. प्रीकूलिंग करताना द्राक्षाच्या मण्यात खुपसायचं सुईचं डिजिटल थर्मामीटर असतं, ते ओळखीच्या शीतगृहातून दोन दिवसांसाठी मागून आणलं. त्याची सुई एसीच्या मधल्या जाळीत अडकवली आणि भर दुपारी दीड वाजता गाडी अंगणात उभी केली. बाहेर ३९ अंश. सगळ्या काचा बंद, एसी पूर्ण, ब्लोअर तीनवर. दहा मिनिटांनी जाळीतली हवा २४ अंश. एक्सलेटर दाबून इंजिनचे फेरे पंधराशेच्या आसपास ठेवले, तेव्हा २१. मग निफाड-येवला रस्त्यावर साठच्या वेगाने नेली, तर पाच-सात मिनिटांत आकडा १५ वर आला. परत अंगणात उभी केली, पुन्हा २४.

हे आकडे मी बिलाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले. वर्षभरात मला पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं होतं. चालत्या गाडीत बरा, उभ्या गाडीत वाईट. गॅस फारच कमी असता तर चालत्या गाडीतही रडला असता. चालताना आणि उभं असताना वेगळं काय असतं? समोरून येणारा वारा.

माझा चुलतभाऊ मळ्यांमधल्या मोटारींचं वायरिंग करतो. त्याने एक साधी गोष्ट सुचवली आणि ती मला फार आवडली. कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचला जी वायर जाते, तिला जोडून एक बारीकसा बल्ब त्याने लांब वायरने केबिनमध्ये आणून दिला. क्लचला करंट मिळाला की बल्ब लागणार, तुटला की विझणार. पुढच्या वाशीच्या खेपेला नानांना घरी ठेवलं आणि तो बल्ब स्टिअरिंगशेजारी चिकटवून निघालो. जाताना, म्हणजे इगतपुरीकडून घाट उतरताना, भरलेली गाडी असूनही बल्ब नीट. येताना रिकामी गाडी, दुपारचं ऊन, कसाऱ्याचा चढ. चौथ्या वळणाच्या आसपास बल्ब विझला. वीस सेकंदांनी लागला. पुन्हा विझला. घाट संपेपर्यंत तो लुकलुकतच होता. नानांना चक्कर आली त्या दिवशी एसी कमी पडत नव्हता. निम्मा वेळ तो चालूच नव्हता.

असं होण्याची मुख्य कारणं मला दोन दिसत होती. एक, इंजिनचं पाणी फार तापलं की गाडीचा कॉम्प्युटर कॉम्प्रेसर सोडून देतो, इंजिन वाचवायला. पण तापमानाचा काटा मध्यावरच होता. दुसरं, गॅसचा दाब हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या बाजूला, मर्यादेपलीकडे गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, नळी फुटू नये म्हणून. ज्या गाडीत गॅस कमी आहे असं मला वर्षभर सांगितलं गेलं, तिच्यात दाब इतका चढेलच कसा?

हा प्रश्न घेऊन मी नाशिकला एका जुन्या कारागिराकडे गेलो. आमच्या भागातले ट्रॅक्टर-ट्रकवाले त्यांना चाचा म्हणतात. पस्तीस वर्षं फक्त गाड्यांचे एसी. पूर्वीच्या आर-१२ गॅसवर त्यांचा हात बसला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारा तो गॅस जगभरातून हटत गेला आणि गाड्यांमध्ये आर-१३४ए आला, तो सगळा बदल त्यांनी हाताने केलेला. मी थर्मामीटरचे आकडे आणि बल्बाची हकिकत सांगितली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, अर्धं काम तुम्ही करून आणलंत. गाडी उन्हातच ठेवा. सावलीत आजार दिसत नाही."

आधी इंजिन बंद असताना त्यांनी दोन्ही गेज लावले. दोन्ही काटे १३० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास. मला वाटलं, चला, गॅस भरपूर आहे. चाचांनी मान हलवली. बंद गाडीतला हा दाब गॅस किती आहे ते सांगतच नाही, तो फक्त बाहेरच्या तापमानावर ठरतो. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी ३९ अंशांना काटा १२९ च्या आसपासच दाखवणार, मग द्रव दोनशे ग्रॅम असो की सातशे. आधीच्या गॅरेजवाल्याने नेमकं हेच केलं होतं. बंद गाडीला गेज लावून, काटा बघून, हवा तो निष्कर्ष काढला होता.

मग इंजिन सुरू केलं. फेरे पंधराशे, एसी पूर्ण, दरवाजे उघडे म्हणजे एसीवर पूर्ण भार. पाच मिनिटं आम्ही नुसते काटे बघत उभे राहिलो. लो साइडचा, म्हणजे कूलिंग कॉइलकडच्या कमी दाबाच्या बाजूचा, निळा काटा ६० वर स्थिरावला. हाय साइडचा लाल काटा २८०, ३१०, ३३० करत ३५० पर्यंत गेला. त्या दिवशीही बाहेर ३९ अंशच होते, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १०२. चाचांचा ठोकताळा असा, की बाहेरच्या फॅरनहाइट आकड्याच्या सव्वादोन ते अडीच पट हाय साइड असावी. म्हणजे २३० ते २५५. आमची शंभराने वर.

आणि लो साइडचे ते ६०? याचा अर्थ त्यांनी सांगितला तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आर-१३४ए ६० पीएसआयला साधारण १६-१७ अंशांवर उकळतो. ३० पीएसआयला तो दोनेक अंशांवर उकळतो. म्हणजे आमची कूलिंग कॉइलच सोळा-सतरा अंशांवर बसली होती. जी कॉइल स्वतः सतरा अंशांवर आहे तिच्यातून जाणारी हवा त्याहून गार कशी होणार? ब्लोअर कितीही वाढवला तरी नाही. गेजचा काटा म्हणजे नळीच्या आतला थर्मामीटरच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. हे जर प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असतं, तर "गॅस मारा" एवढ्यावर कोणाचीही बोळवण झाली नसती.

दोन्ही बाजू चढलेल्या असल्या, तर तीन मुख्य संशयित. गॅस जास्त, गॅसमध्ये हवा शिरलेली, किंवा कंडेन्सर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. चाचांनी हाताखालच्या पोराला पाण्याची बादली आणि एक मग आणायला सांगितला. पुढची जाळी काढून फक्त कंडेन्सरवर, बेताने, मगाने पाणी सोडलं. पंख्याकडे, बेल्टकडे पाणी जाऊ दिलं नाही. मी काट्याकडे बघत होतो. लाल काटा डोळ्यांदेखत खाली आला, ३५० वरून ३००, २७०, २५०. निळा ४२ वर आला. मी पळत केबिनमध्ये जाऊन थर्मामीटर बघितलं, १६. उभ्या गाडीत, भर उन्हात, १६! पाणी थांबवलं, दोन मिनिटांत सगळं पुन्हा वर.

एक बादली पाण्याने वर्षभराचं कोडं अर्ध्यावर आलं. कॉम्प्रेसर दाबतोय, व्हॉल्व्ह चालतोय, कॉइल गारठतेय. पुढच्या कंडेन्सरलाच वारा मिळत नाही.

माझं म्हणणं होतं की कंडेन्सर तर स्वच्छ आहे, दर पंधरा दिवसांनी वॉशिंगला गाडी जाते. समोरून बघितलं तर खरंच चकचकीत. चाचांनी टॉर्च घेतला आणि कडेच्या फटीतून आत टाकला. आमच्या टर्बो डिझेलमध्ये पुढे एकामागे एक तीन जाळ्या उभ्या असतात: सगळ्यात पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, त्यामागे इंजिनचा रेडिएटर. वॉशिंगवाला पहिली जाळी धुतो. दुसरी आणि पहिली यांच्यामध्ये काय आहे ते कोणी बघत नाही.

वरचे बोल्ट सोडून कंडेन्सर नळ्यांसकट दोन बोटं पुढे ओढला, गॅस न सोडता तेवढा तो हलतो. आणि आत जे दिसलं ते मी पोराच्या हातातून टॉर्च घेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. कांद्याची पापुद्री. गुलाबी, तपकिरी, कागदाहून पातळ. एकावर एक चिकटून, त्यात बाजार समितीच्या आवारातली माती, डिझेलच्या धुराची काजळी, वॉशिंगच्या पाण्याने भिजून, उन्हाने वाळून, त्याची अक्षरशः वाकळ झाली होती. बोटाने कोपरा उचलला तर ओंजळभर तुकडा अखंड निघाला. त्यावर इंटरकूलरच्या पात्यांचे ठसे उमटले होते. नाकाशी नेला तर कांदाचाळीत येतो तोच वास. लासलगावला कांदा सुटा नेतात, ओतताना, निवडताना पापुद्री उडतात, आणि रांगेत उभ्या गाडीचा पंखा ती आत ओढून घेतो. पाच हंगामांचा थर तो.

धुताना चाचांनी प्रेशरचा पाइप लावूच दिला नाही. कंडेन्सरची पाती पत्र्याच्या कागदासारखी असतात, जोराच्या फवाऱ्याने आडवी पडतात आणि मग वारा कायमचा अडतो. साधा नळ, मऊ ब्रश, आणि पाणी मागून पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर. वाकलेली पाती कंगव्यासारख्या हत्याराने एक-एक ओळ सरळ केली. तीन तास गेले. मी स्वतः दीड तास ब्रश धरून बसलो होतो, आणि ते काम करताना मला विलक्षण समाधान वाटत होतं.

मला वाटलं झालं. जोडून गेज लावले तर हाय साइड २९०. सुधारणा होती, पण अजूनही जास्त. आता पंखा. आमच्या गाडीला एसीसाठी वेगळा इलेक्ट्रिक पंखा नाही. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा एकच मोठा पंखा, त्याच्या मध्यभागी व्हिस्कस कपलिंग. त्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. रेडिएटरमधून येणारा वारा गरम झाला की पुढची दोन धातूंची पट्टी वाकते, तेल आत सरकतं आणि पंखा इंजिनला जखडला जातो. वारा गार असेल तर पंखा सैल फिरतो, डिझेल वाचतं. चाचांनी गरम इंजिन बंद केलं आणि पंख्याला हाताने झटका दिला. गरम इंजिनवर तो जड लागायला हवा, एखाद-दुसरा फेरा फिरून थांबायला हवा. आमचा सहा फेरे गरगरला. कपलिंगच्या मध्यावर तेलकट रेघा, त्यावर धूळ बसलेली. तेल गळून गेलं होतं. (हा प्रयोग इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवूनच करायचा. चालू पंख्याशी खेळ नको.)

इथं डिझेलचा एक गुण आडवा येतो, तो चाचांनी समजावला. डिझेल इंजिन उभ्या गाडीत फारसं तापत नाही. त्यामुळे रांगेत उभं असताना तापमानाचा काटा कधी वर जात नाही, आणि पंखा कमकुवत झालाय अशी शंकाही कोणाला येत नाही. त्रास होतो तो बिचाऱ्या कंडेन्सरला, आणि त्याला काटा नाही.

नवीन कपलिंग दुसऱ्या दिवशी आलं. ते बसेपर्यंत चाचांनी मशीनने गाडीतला सगळा गॅस काढून वजन केलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ५०० ग्रॅम लिहिलेलं. मशीनने दाखवले ६८० ग्रॅम. ज्या गाडीत दोनदा "गॅस कमी आहे" म्हणून भरला होता, तिच्यात १८० ग्रॅम जास्त होता. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या तळाशी साचतो, उष्णता टाकायला तेवढी जागा कमी पडते, दाब आणखी चढतो. दुसऱ्यांदा गॅस भरल्यावर उकाडा का वाढला, याचं उत्तर मिळालं.

चाचांनी गॅस हवेत सोडला नाही, मशीनमध्ये परत घेतला, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट भारी धरला जातो. म्हणूनच मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत हे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. व्हॉल्व्ह दाबून फुस्स करून गॅस उडवणारी गॅरेजं मी पाहिली आहेत. पावसाच्या एका फटक्याने ज्याचा हंगाम जातो, त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर तरी कोणी ते करू नये.

मग पाऊण तास व्हॅक्यूम. आतली हवा आणि ओल दोन्ही ओढून काढायची, कारण कॉम्प्रेसरचं तेल ओल झटकन शोषतं. पंप बंद करून अर्धा तास काटा तसाच राहतो का ते बघितलं. हलला नाही, म्हणजे गळती नाही. ओल शोषणारा ड्रायर बदलला. आणि वजनकाट्यावर मोजून बरोबर ५०० ग्रॅम गॅस.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेज: लो ३६, हाय २४०. जाळीत उभ्या गाडीत १३ अंश. मी समाधानी होतो, चाचा नव्हते. त्यांनी जाळीपुढे हात धरला आणि म्हणाले, "गार आहे, पण श्वास कमी आहे." हीटरच्या नळ्या फडक्यात गुंडाळून चिमट्याने दाबून बघितल्या, इंजिनचं गरम पाणी आत झिरपतंय का म्हणून. आकडा अर्धा अंशही हलला नाही, तो संशय संपला. मग ग्लोव्ह बॉक्स काढला.

आत ब्लोअरच्या तोंडाशी एक झडप असते. लीव्हर एका बाजूला केला की बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला केला की केबिनमधलीच हवा पुन्हा फिरते. मी लीव्हर कायम आतल्या हवेवर ठेवत होतो. पण केबलची प्लॅस्टिकची क्लिप तुटून केबल निसटली होती आणि झडप बाहेरच्या हवेवर अडकून पडली होती. कधीपासून, कोण जाणे. माझा एसी तेरा अंशांसाठी दर मिनिटाला ३९ अंशांची ताजी हवा गार करत होता. वाशीत तर त्याहून वाईट, कारण तिथल्या दमट हवेतलं पाणी काढण्यातच कॉइलची निम्मी ताकद जाते. वाशीला गाडीखाली पाण्याची धार लागायची आणि मी ते चांगलं लक्षण समजत होतो. त्याच उघड्या झडपेतून पापुद्री आत येऊन कूलिंग कॉइलच्या वरच्या कडेला बसली होती. आमच्या मॉडेलला केबिन फिल्टरच नाही. ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने कॉइल साफ केली, झडपेला नवी क्लिप लावली, बाहेरच्या हवेच्या तोंडाशी चाचांनी डासांच्या जाळीचा तुकडा बसवला.

उभ्या गाडीत १० अंश. साठच्या वेगाला ६.

बिल देताना आम्ही बोलत होतो. सरकारच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. फार चांगलं झालं. पण तो एन-२ आणि एन-३ वर्गासाठी, म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांसाठी. आमच्यासारखे पिकअपवाले एन-१ मध्ये येतात, ते त्यात नाहीत. लासलगावच्या रांगेत ऊन मात्र वजन बघून पडत नाही. तिथं दुपारी अंगातला शर्ट काढून, पत्र्याच्या केबिनमध्ये दरवाजा उघडा टाकून झोपलेली पोरं मी रोज बघतो. त्यांच्यापैकी ज्यांच्या गाडीत एसी आहे, त्यांच्यातल्या दोघांनी माझं ऐकून पुढची जाळी उघडली. एकाच्या कंडेन्सरमागे पापुद्री, दुसऱ्याच्या मागे कापसाच्या सरकीचा भुसा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाना पुन्हा वाशीला आले. मी थर्मामीटर परत दिलं नव्हतं, शीतगृहवाल्याला नवीन घेऊन दिलं. बल्बही तसाच ठेवला होता. परतीला कसाऱ्याचा चढ लागला तेव्हा एक वाजला होता. बल्ब जळत राहिला. आकडा ९, ११, वरच्या वळणांवर १२. नव्या कपलिंगमुळे पंखा चढावर घोंगावतो, तो आवाज मला आता ओळखीचा झाला आहे. नानांनी उपरणं खांद्यावरून काढून गुडघ्यांवर पसरलं.

"जरा कमी कर रे," ते म्हणाले, "पाय गारठले."

मी ब्लोअर दोनवर आणला. इगतपुरी येईपर्यंत ते कांद्याच्या भावाविषयी बोलत होते. कॉम्प्रेसरचा क्लच लागताना हल्ली एक बारीक किर्र आवाज येतो. चाचा म्हणालेत, प्लेटमधलं अंतर वाढलंय, एक पातळ वॉशर काढून ते कमी करावं लागेल. लाल कांदा सुरू व्हायच्या आत एक दिवस गाडी त्यांच्याकडे ठेवायची आहे.